लाटेकडे पाठ

ती लाट मी पाहिलेली नाही. एवढंसं वाक्य लिहायला मला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं. माझ्याविषयी जिथं तिथं छापून येतं की लासुर्ण्याच्या कालव्यावर एका लाटेमागे सायकल दामटत गेलेला हा मुलगा पुढं भौतिकशास्त्रज्ञ झाला. मोठी लाट धाकट्या लाटेला गाठते तेव्हा काय होतं ते त्यानं कोवळ्या वयात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यातलं लासुर्णं खरं आहे, कालवा खरा आहे आणि शास्त्रज्ञ झालो हेही खरं आहे. सायकल मात्र मला येत नव्हती, आणि ती गाठ पडली तेव्हा लाट माझ्या पाठीमागे होती. ती पाहिली माझ्या मालनवहिनीनं. ती अजून लासुर्ण्यातच असते, तिचे गुडघे दुखतात, आणि हे मी लिहितोय असं तिला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली, "लिही की. पन म्हशीस्नी इसरू नगं."

तर म्हशींपासूनच सुरुवात करतो. आमचं घर मळ्यात होतं, नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्याला लागून. फाटा म्हणजे मोठ्या कालव्यातून काढलेला लहान पाट. त्याला पाणी आलं की आमच्या घराचा आवाजच बदलायचा. एरवी कारखान्याचा भोंगा, विहिरीवरच्या इंजिनाची डगडग आणि आबांचा खोकला एवढ्यावर आमचा दिवस चालायचा. पाणी आलं की या सगळ्याखाली एक सळसळ सुरू व्हायची आणि माणसं आपोआप जरा मोठ्यानं बोलायला लागायची. आबा म्हणजे माझे वडील. ते मुळात कमी बोलायचे, त्यामुळे त्यांचं मोठ्यानं बोलणं म्हणजे हुकूमच वाटायचा. आई दिवसभर बोलायची, पण तिचं ऐकायला फक्त म्हशी थांबायच्या. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, ऊस बघायचा आणि संध्याकाळी ओसरीवर बसून सायकलची चेन पुसायचा. ती काळी, अवजड, मागे भक्कम कॅरिअर असलेली सायकल त्याचा जीव की प्राण. मी ती ढकलत नेऊ शकत असे. चालवायला गेलो की उसात जात असे. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं आणि आमच्या बांधाच्या एका वळणाला लोक माझ्या नावानं दत्ताचं वळणच म्हणायचे.

वहिनी पिंपळीची. लाटेची गोष्ट घडली त्या वर्षीच्या हिवाळ्यात लग्न होऊन आली. मॅट्रिक चांगल्या मार्कांनी पास झालेली, भूमितीत तर पहिली. पुढं बारामतीला कॉलेजात जायचं तिच्या मनात होतं, पण तेवढ्यात आमचं स्थळ गेलं. माहेरी ती कालव्याच्या भरावावरून भावाची सायकल चालवत शाळेत जायची, हे तिनं मला एकट्याला सांगितलं होतं, आणि तेही चुलीचा धूर जास्त असताना, म्हणजे ओसरीवरचं कुणी आत येऊ नये. माहेरी ती पाचवारी नेसायची. आमच्या आईनं आल्या आल्या तिला नऊवारीत घातलं. वहिनीला ते मुळीच पसंत नव्हतं. पण काष्टा घातला की माणूस सायकलच्या नळीवरून टांग टाकू शकतं, हा विचार आईच्या डोक्यात आला नसणार. वहिनीच्या डोक्यात आला होता का, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी बारामतीच्या कॉलेजात विज्ञानाच्या वर्गात होतो. संध्याकाळच्या एसटीनं परत यायचो, हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचो आणि वहिनी भाकरी थापता थापता विचारायची, आज काय शिकिवलं. सुरुवातीला मला वाटलं दिराची चौकशी करायची म्हणून करते आहे. मग लक्षात आलं की उत्तर कच्चं असेल तर भाकरी उशिरा मिळते. प्रकाश लाट आहे की कण, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि मला करपलेली भाकरी वाढली. म्हणाली, दोन्ही हाय म्हनतोस आन् समजावून काय सांगत न्हाईस, मग ही बी भाकरी हाय आन् कोळसा बी हाय, खा. ताक, कांदा, आईच्या हातचा खरडा आणि ती भाकरी. पुढं मी मोठमोठ्या परिसंवादांत जेवलो, पण इतक्या सावधपणे एकदाही जेवलो नाही.

आमचे लिमये सर त्या वर्षीच पुण्याहून नवे आले होते. किडकिडीत, कायम छत्री घेऊन फिरणारे, आणि बोलता बोलता खडू खिशात ठेवण्याची सवय, त्यामुळे त्यांच्या सगळ्या विजारी एका बाजूला पांढऱ्या. एक दिवस धडा सोडून ते एका स्कॉटिश इंजिनियरची गोष्ट सांगायला लागले. कालव्यातून घोडे नाव ओढत होते, नाव एकदम थांबली, आणि नावेपुढचं पाणी थांबायला तयार होईना. त्याचा एक गुळगुळीत उंचवटा तयार झाला आणि तो एकटाच पुढं निघाला. साध्या लाटा पसरतात, विरतात. हा उंचवटा आकार न मोडता जात राहिला. तो इंजिनियर घोड्यावरून त्याच्या मागे मैलभर गेला. सर म्हणाले, ही लाट आहे खरी, पण वागते कणासारखी, एका जागी गोळा होऊन. जगात कुठं कुठं आता अशा लाटांवर काम चाललं आहे आणि काही लोकांना तर वाटतं की आपण ज्यांना कण म्हणतो ते मुळात असेच कशाचे तरी उंचवटे असावेत. सर हे सांगताना इतके लाल झाले होते की मागच्या बाकावरचे हसले. मला तेव्हा त्यातलं अर्धंच कळलं. ते अर्धं मी घरी नेलं.

वहिनीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. म्हणाली, "आरं, ही तर रोजची हाय."

दुपारी ती फाट्यावर धुणं धुवायला जायची तेव्हा वरच्या उतारावरून म्हशी पाण्यात शिरायच्या. आमच्या आणि शेजारच्या मिळून चांगला कळप व्हायचा. फाटा अरुंद. एवढ्या म्हशी एकदम उतरल्या की पाण्याला जागा कुठली? मग पाण्याचा एक गड्डा निघायचा, तिच्या धुण्यावरून जायचा, तिचा पिळा भिजवायचा आणि तसाच्या तसा खाली मोरीच्या पुलाच्या दिशेनं चालू लागायचा. ती त्याच्यावर रोज चिडायची. आणि एवढंच नव्हे. कधी कधी रेडकू आईच्या पुढं पळून आधी उडी मारायचं. त्याची बारकी लाट पुढं निघायची, मग मागून म्हशींची थोरली. थोरली जास्त पळते, हे तिनं पाहिलेलं होतं. थोरली बारकीला गाठणार हे तर उघडच. पण नेमकी तिथंच काठावर बाभळी दाट होत्या, आणि पुढं काय होतं ते धुण्याच्या दगडावरून दिसत नव्हतं. भरावावरून पळत गेलं की दिसलं असतं. पण नवी सून भरावावरून पळत नाही.

"मला येकडाव तितं जाऊन बघायचं हाय, थोरली बारकीचं काय करती ते," ती म्हणाली. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय, कारण पुढचं सगळं या एका वाक्यासाठी झालं आणि सगळ्या छापील मजकुरात नेमकं हेच वाक्य कुठं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा तसाच ठेवला आणि मला तीन-चारदा विचारलं की थोरली खरंच जास्त पळते का. मग म्हणाले, रविवारी येतो. पाण्याची पाळी सोमवारी बंद व्हायची होती. मग फाटा कोरडा पडणार, आणि पुढचं पाणी येईपर्यंत सर बारामतीत असतील की नाही याचा नेम नव्हता, कारण त्यांची नेमणूक तात्पुरती होती. म्हणजे जे काही पाहायचं ते त्या एका रविवारी.

घरी बेत ठरला. दादा रेडकाला आधी सोडणार, मग पळत येऊन सायकलवर बसणार. मी कॅरिअरवर, पुढं तोंड करून, डोळे लाटेवर. सर काठानं रंगीत चिंध्यांच्या काठ्या रोवणार आणि हातात घड्याळ धरून वेळ घेणार. वहिनी चहा आणणार. हे मी इतक्या सहज ठरवलं की आज लिहिताना कान गरम होतात. पिठाचा डबा बंद करत ती एवढंच म्हणाली की मला सांगशील न्हवं समदं, काय बी न वगळता? मी हो म्हणालो.

आता मिठाची गोष्ट. म्हशी माणसाच्या वेळेनं पाण्यात जात नाहीत. कधी दुपारभर बांधावर रवंथ करत बसतात आणि त्यांना हलवायला आबासुद्धा नकार द्यायचे. यावर तोड वहिनीनंच सांगितली. सकाळच्या पेंडीत मीठ थोडं जास्त पडलं की दुपारी त्या आपोआप पाण्याकडं ओढ घेतात. तिनं सकाळी गुपचूप मूठभर खडेमीठ पेंडीत टाकलं. दादाला मी हे सांगितलेलं होतं, म्हणून त्यानंही टाकलं. आईनं दादाला टाकताना पाहिलं नाही, फक्त बोलणं ऐकलं होतं. पुण्याचा मास्तर येणार, सुनेच्या नि पोरांच्या भरवशावर कसं राहायचं म्हणून तिनं टाकलं. आणि आता खरं लिहायलाच बसलोय तर, मीही टाकलं. सगळ्यांनी एकाच घमेल्यात, एकमेकांना न सांगता. आमच्या घरात काम कुणी कुणाला सांगून करत नसे, कारण सांगितलं की ते आपल्याच गळ्यात पडतं.

सर सकाळच्या एसटीनं आले. आईनं त्यांना पिठलं-भाकरी आणि खरडा वाढला. त्यांनी खरडा भाजी समजून भाजीसारखा खाल्ला, आणि मग उचक्या देत, डोळ्यांतून पाणी गाळत, तरीही हसत, फाट्याच्या काठानं काठ्या रोवत गेले. आबा हे सगळं नको म्हणून आधीच मोरीच्या पुलावर शेजारच्या शंकररावांशी गप्पा मारायला जाऊन बसले होते. ऊन चढलं. गोठ्यात साखळ्यांचा आवाज वाढायला लागला. दादा म्हणाला, आज लईच खळखळ चाललीय. ते कशामुळं हे फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं आमच्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं.

म्हशींना सोडायचं होतं चहानंतर. पण दावणीची एक साखळी तुटली आणि बाकीच्या म्हशींनी ते पाहिलं. एरवी लग्नाला निघालेल्या बायकांसारख्या डुलत जाणाऱ्या त्या म्हशी त्या दिवशी धावल्या. मी म्हैस धावताना आधी पाहिली होती, कळप पहिल्यांदा पाहिला. दादा रेडकाला धरून उतारावर उभा होता. मागून येणारी ती काळी गर्दी पाहून रेडकानं जी उडी मारली, ती दोरीसकट आणि दादासकट. पहिली लाट निघाली, बारकी, त्यात दादाचा वाटा किती आणि रेडकाचा किती हे भौतिकशास्त्राला आजही सांगता येणार नाही. त्याच्या मागोमाग सगळा कळप धबाधब पाण्यात. फाटा इंचभरही न फुटता कसा राहिला देव जाणे. पाणी मागं सरलं, दाटलं, आणि त्यातून थोरली निघाली, चकचकीत, कसलाही फेस नसलेली, तुपासारखी.

आणि मी सायकलचा दांडा धरून उभा. चालवणारा पाण्यात, दोन म्हशींच्या मध्ये, नुसतं डोकं वर. सर लांबून ओरडत होते, निघा, निघा. मी सायकल ढकलत दोन पावलं गेलो. तेवढ्यात वहिनी किटली आणि कपांची परात घेऊन आली. तिनं एकदा पाण्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. परात खाली ठेवली. पदर खोचला.

"बस मागं."

मी जसा जमेल तसा बसलो, म्हणजे उलटा. तोंड मागं, पाठ तिच्या पाठीला, दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरलेलं. सायकल एकदा कालव्याकडं झुकली, एकदा उसाकडं, आणि मग अशी सुटली की मला कळलं, ही बाई रोज स्वप्नात सायकल चालवत असणार. भरावावरचे दगड, खड्डे, धामणीची बिळं, सगळं माझ्या पायांखालून मागं पळत होतं. एकेक चिंधी लावलेली काठी येत होती आणि लहान होत जात होती. मला दिसत होतं ते हे: पाण्यात म्हशी समाधानानं डोळे मिटून बसलेल्या, त्यांच्यामधून दादा रेडकाला शिव्या देत काठाकडं येतोय, आई परातीतले कप वाचवायला धावतेय आणि या सगळ्याच्या पुढं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात घड्याळ, विजार गुडघ्यापर्यंत वर, लिमये सर पळताहेत. एक चप्पल गेली. मग ते पडले. चिखलात लांब घसरले, उठले, घड्याळ कानाला लावून पाहिलं, पुन्हा पळाले. आणि उचकी देत देत हसत होते. मी मोठं माणूस इतक्या आनंदात असलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं मोठी माणसं पळायची ती आग लागली तर.

माझ्या पाठीमागे वहिनी तुटक तुटक ओरडत होती. बाभळी आल्या. जवळ आली. आली, आली. मग ती एकदम गप्प झाली. पायडल फिरत होते, पण तिचा श्वाससुद्धा ऐकू येईना. आणि मग ती हसली. पाठीला पाठ होती म्हणून ते हसू मला ऐकू येण्याआधी कळलं.

"दिसलं का रं?"

मला दिसलं होतं फक्त सरांचं दुसऱ्यांदा पडणं.

"दिसलं," मी म्हणालो.

असं का म्हणालो? घाबरून नव्हे, लबाडीनंही नव्हे. ती इतकी खूश होती की नाही म्हणणं म्हणजे तिच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं झालं असतं. बाकीचं सगळं नंतर या एका शब्दावर उभं राहिलं.

मोरीच्या पुलापाशी तिनं पाय टेकून सायकल थांबवली, उतरली, आणि मान वर केली तर समोर आबा. शेजारी शंकरराव. वहिनीनं पटकन पदर डोक्यावर घेतला, पण हातात हँडल तसंच. मी अजून कॅरिअरवर उलटा. पुलाखालून दोन लाटा, एकीमागे एक, निवांतपणे निघून गेल्या. शंकररावांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, "आबा, ही तुमची सून का सायकलीवर?"

आबांनी तंबाखू मळायची थांबवली. वहिनीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"न्हाय," ते म्हणाले. "सायकल दत्तानं चालिवली."

एवढ्या मोठ्यानं म्हणाले की तो हुकूमच झाला. शंकररावांनी माझ्याकडं पाहिलं. मी ज्या दिशेला तोंड करून बसलो होतो त्या दिशेनं सायकल कुणीही चालवू शकत नाही, हे शंकररावांना कळत होतं. पण आबा तसं म्हणाले म्हणजे तसं. ते म्हणाले, चांगली चालवतो की पोरगा.

मग सर पोचले. चिखलानं माखलेले, एक पाय अनवाणी. काय झालं, कुणी पाहिलं, एवढंच त्यांना विचारता आलं. वहिनीचे ओठ उघडले. आबा तिथंच उभे होते. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी म्हणालो, मी पाहिलं.

त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात हास्यास्पद आठवडा होता. सायकल दत्तानं चालिवली असं आबांनी जाहीर केल्यामुळे दत्ताला ती येणं आता भागच होतं. नाहीतर आबा खोटे ठरले असते. दिवस उगवायच्या आत उसाच्या आडोशाला वहिनी मागून कॅरिअर धरून पळायची आणि मी पुढं पडायचो. ती म्हणायची, म्होरं बघ, चाकाकडं बघू नगं. आणि पडलो की पदरात तोंड घालून हसायची. गुडघ्यांवर हळद लावून मी कॉलेजला जायचो, आणि सर काळजीनं म्हणायचे, लाटेमागे फार जोरात गेलास वाटतं.

आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात ती मला सगळं सांगायची, कारण सरांना सांगायला मला काहीतरी हवं होतं. थोरली बारकीपाशी आली, पण तिच्यावरून गेली नाही, असं ती म्हणाली. जवळ आली आणि आपली उंची तिला देऊन टाकली. बारकी फुगली, थोरली झाली आणि पळाली. मागची बसकी झाली आणि मागं राहिली. घर बांधताना ओळीत उभं राहून घमेलं हातोहात देतात तसं. घमेलं पुढं जातं, माणसं जागच्या जागी. मी हे बारामतीला नेलं. सर उठून फेऱ्या घालायला लागले. त्यांनी वाचलेल्या लेखात होतं की अशा लाटा एकमेकींतून आरपार जातात आणि जशाच्या तशा बाहेर पडतात. म्हणजे थोरली पुढं गेली, झालं. मी ते घरी आणलं. वहिनी म्हणाली, त्यांनी पाहिलीय का? सांग त्यांना, गेली न्हाय, दिली. मी ते परत बारामतीला. महिनाभर मी एसटीतून हा वाद नेत-आणत होतो आणि दोन्हीकडं ऐटीत सांगत होतो. एकदा सरांनी सहज विचारलं, लाटा भेटल्या तेव्हा ऊन पाण्यावर कुठल्या बाजूनं पडलं होतं? मी काहीतरी सांगितलं. सरांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, खडू खिशात टाकला आणि विषय बदलला. तरीही त्यांनी जे छोटं टिपण प्रसिद्ध केलं त्यात सायकलस्वार विद्यार्थी म्हणून माझंच नाव होतं. आज ते नाहीत. त्यांना कळलं होतं असं मला वाटतं, आणि कळूनही त्यांनी मला वाया जाऊ दिलं नाही.

पुढं माझं सगळं काम याच लाटांवर झालं. आधी कागदावर, मग काचेच्या बारीक तंतूंतून जाणाऱ्या प्रकाशावर. गणित असं सांगतं की दोन लाटांच्या उंचीत फार तफावत असेल तर थोरली बारकीला गिळून पुढं निघते, पण तफावत बेताची असेल तर दोन्ही माथे शेवटपर्यंत वेगळे दिसतात आणि उंची हातोहात जाते. म्हशींच्या आणि रेडकाच्या लाटेची तफावत बेताची होती, कारण रेडकाच्या बाजूनं दादाचं वजन होतं. वहिनी बरोबर होती. हे मला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटाच मोठ्यानं हसलो. मग निबंध लिहिला. शेवटी बऱ्याच जणांचे आभार मानले. तिचं नाव लिहिलं नाही. आबा तेव्हा होते, घराची अब्रू होती, असं मी स्वतःला सांगितलं. मग आबा गेले, दादाही गेला. तिनं सायकल चालवली असती तर कुणाची भुवई वर झाली नसती असे दिवस येऊन जुने झाले, आणि मी भाषणांत तीच गोष्ट सांगत राहिलो, कारण ती रंगायची. टाळ्या कुठं पडतात हे मला पाठ झालं होतं.

हल्ली मुलांच्या एका पुस्तिकेत त्या गोष्टीचं चित्र आलं आहे. हाफ पँट घातलेला मुलगा, सायकल, पुढं निळी लाट. वहिनीची नात स्नेहल बारामतीला विज्ञान शिकते. तिनं ते चित्र आजीला दाखवलं आणि विचारलं, हे आपले पुण्याचे आजोबा ना? पुण्यात राहतो म्हणून तिचा पुण्याचा आजोबा मीच. वहिनीनं चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, व्हय. स्नेहलनं हे मला कौतुकानं फोनवर सांगितलं. त्या एका व्हयनं जे केलं ते मला आजवरच्या कुठल्याच टीकेनं केलं नव्हतं. मी तिला तिथंच, फोनवर, सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, आजी आणि सायकल? आणि इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला.

गेल्या महिन्यात इंदापूरला माझा सत्कार होता. शाल खांद्यावर असतानाच मी बोलायला उभा राहिलो आणि सायकल कुणी चालवली ते सांगितलं. लोकांना वाटलं वय झाल्यामुळे मी विनयानं बोलतोय. टाळ्या नेहमीच्या जागीच पडल्या. पहिल्या रांगेत वहिनी बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली की बोलून काय हुतंय, फाट्याला पाणी आलंय, चल.

फाटा आता सिमेंटचा आहे. बाभळी गेल्या. म्हशी आहेत, पण शेजारच्या. आमच्याकडं जर्सी गाई. स्नेहलनं सगळं जमवलं होतं. डॉक्टरांनी माझं मीठ तोडलंय, म्हणून पेंडीतलं मीठ मी माझ्या हातानं, आणि या वेळी सगळ्यांना सांगून घातलं. वहिनीनंही घातलं असणार, कारण साखळ्या तशाच खळखळायला लागल्या. स्नेहल स्कूटीवर पुढं, तिच्या मागं वहिनी, आणि शेवटी मी, या खेपेला सरळ, पुढं तोंड करून. एवढी मोठी झालेली माणसं तिघं एका गाडीवर. रेडकू उडालं, कळप उतरला, बारकी निघाली, थोरली निघाली आणि स्नेहलनं गाडी सोडली. वहिनी नातीच्या खांद्यांना धरून अर्धी उठली. वाऱ्यानं तिचा पदर सुटला आणि येऊन माझ्या तोंडावर बसला, चष्म्यासकट. मी तो काढायला गेलो तर तोल जायला लागला म्हणून पुन्हा तिलाच धरलं. पदराच्या आत अंधार, साबणाचा वास, आणि बाहेर वहिनी ओरडतेय, जवळ आली, आली, आली. मग ती गप्प झाली. मग हसली, अगदी तशीच.

"दिसलं का रं?"

जन्मभर ज्या लाटेवर पोट भरलं ती पुन्हा एकदा माझ्या हातभर अंतरावरून निघून गेली होती. मी पदर बाजूला केला. पुढं पाण्यावर दोन उंचवटे, थोरला पुढं, बारका मागं, मोरीकडं चालले होते.

"न्हाय दिसलं, वहिनी," मी म्हणालो.

ती माझ्याकडं वळली. मग तिनं स्नेहलच्या पाठीवर थाप मारली.

"वळीव गाडी. आन् दत्ता, तू माझ्या म्होरं बस."

उतारावर म्हशी अजून पाण्यातच होत्या. त्यांना बाहेर काढून पुन्हा आत घालायला आम्हाला सगळी दुपार लागली.